कागद गावात, माणूस फडावर

आपत्काळासाठी वैयक्तिक कागदपत्रांच्या डिजिटल प्रती जवळ ठेवाव्यात, असा सल्ला दिला जातो तेव्हा सल्ला देणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुधा आग, पूर किंवा भूकंप असतो. बीड जिल्ह्यातील लिंबागणेशसारख्या गावाच्या बाबतीत आपत्तीची ही कल्पना अपुरी पडते. बालाघाटाच्या डोंगररांगेत, मांजरसुंबा–पाटोदा रस्त्यावर वसलेले आणि भालचंद्र गणपतीच्या देवस्थानामुळे ओळखले जाणारे हे गाव ज्या टापूत येते, तेथील असंख्य कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी घर सोडतात आणि पश्चिम महाराष्ट्रातील किंवा कर्नाटकातील कारखान्यांचा गळीत हंगाम संपेपर्यंत, म्हणजे साधारणतः मार्च-एप्रिलपर्यंत, परतत नाहीत. वर्षातले पाच-सहा महिने माणूस एका जिल्ह्यात आणि त्याचे कागद दुसऱ्या जिल्ह्यात, घरातील लोखंडी पेटीत किंवा मागे राहिलेल्या म्हाताऱ्या आईच्या ताब्यातील पिशवीत, अशी विभागणी होते. या काळात अपघात घडला, बाळंतपण झाले किंवा दवाखान्यात भरती होण्याची वेळ आली, तर कागद सुखरूप असूनही तो नसल्यात जमा असतो.

कागद सोबत न्यावेत, तर फडावरील वस्तीची रचना त्यांच्या मुळावर येते. ऊसतोड कामगार ज्या कोपीत राहतात ती बांबूच्या कामट्या, पाचट आणि प्लास्टिकचा कागद यांची असते. तिला कुलूप नसते, चूल तिच्या दाराशीच पेटते आणि अवेळी पाऊस आला की आतले सर्व सामान भिजते. नवरा-बायकोची जोडी, जिला या व्यवसायात ‘कोयता’ म्हणतात, पहाटेपासून उसात असल्यामुळे दिवसभर कोपीवर लक्ष ठेवणारेही कोणी नसते. शिवाय एकाच हंगामात टोळी एका गावाच्या शिवारातून दुसऱ्या शिवारात हलत राहते. अशा स्थितीत आधार पत्र, शिधापत्रिका आणि बँकेचे पासबुक बाळगणे ही गरज असली, तरी मूळ शाळा सोडल्याचा दाखला, जातीचे प्रमाणपत्र किंवा जमिनीचे खरेदीखत घेऊन फिरणे शहाणपणाचे ठरत नाही. मूळ कागद घरी आणि त्याची विश्वसनीय प्रत सोबत, हा मार्ग उरतो. प्रश्न ‘विश्वसनीय’ या शब्दाभोवती फिरतो.

प्रतीच्या विश्वासार्हतेचा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. मराठेशाहीतील वतनपत्रे आणि इनामपत्रे पाहिली, तर त्यांच्या अखेरीस स्थानिक अधिकाऱ्यांना एक ठरावीक आज्ञा आढळते: या पत्राची प्रत दप्तरी लिहून घ्यावी आणि अस्सल पत्र भोगवट्यासाठी, म्हणजे हक्क चालू असल्याचा पुरावा म्हणून, वतनदाराकडे परत द्यावे. अस्सल धन्याकडे आणि नक्कल दप्तरात, अशी ही वाटणी होती आणि दोहोंपैकी एक गहाळ झाले तर दुसरे उपयोगी पडावे हा तिचा हेतू उघड दिसतो. आजच्या डिजिटल व्यवस्थेने ही वाटणी उलटी केली आहे. आता मूळ नोंद शासनाच्या संगणकावर असते आणि नागरिकाच्या हाती जे येते, मग ते छापील कार्ड असो वा मोबाइलवरील फाइल, ते त्या नोंदीचे एक दर्शन असते. ही उलटापालट ध्यानात न घेतल्यामुळेच गावोगावी मोबाइलमधील कोणत्याही छायाचित्राला ‘डिजिटल कागद’ समजले जाते आणि कार्यालयातील कारकुनाने ते नाकारले की सगळी व्यवस्थाच फसवी आहे असा ग्रह होतो.

वास्तविक डिजिटल प्रती दोन जातींच्या असतात. पहिली म्हणजे मूळ कागदाचे छायाचित्र किंवा स्कॅन, जे कोणीही काढू शकतो आणि ज्याच्या खरेपणाची हमी कोणीच देत नाही. दुसरी म्हणजे ज्या कार्यालयाने मूळ कागद दिला त्याच कार्यालयाच्या माहितीसाठ्यातून थेट आलेली प्रत. १ जुलै २०१५ रोजी केंद्र शासनाने सुरू केलेली डिजिलॉकर ही सेवा या दुसऱ्या जातीसाठी आहे. तीत आधार, पॅन, वाहन परवाना, वाहनाची नोंदणी, राज्य शिक्षण मंडळाच्या दहावी-बारावीच्या गुणपत्रिका असे कागद संबंधित खात्याकडून मागवून घेता येतात. डिजिटल लॉकरविषयीचे नियम २०१६ साली झाले आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये त्यांत ९-अ हा नियम घालून, अशा रीतीने निर्गमित झालेला कागद मूळ छापील कागदाच्या बरोबरीचा मानावा, असे स्पष्ट करण्यात आले. याच लॉकरमध्ये स्वतःच्या फाइली चढवून ठेवण्याचीही जागा आहे. मात्र तेथे चढवलेले छायाचित्र केवळ शासकीय लॉकरमध्ये बसले म्हणून अस्सल होत नाही, ते छायाचित्रच राहते. एकाच पडद्यावर शेजारी-शेजारी दिसणाऱ्या या दोन कप्प्यांतला फरक सामान्य वापरकर्त्याला कोणी समजावून सांगत नाही, हा या सेवेचा मोठा दोष म्हटला पाहिजे.

मग साध्या छायाचित्राला काहीच किंमत नाही काय? ती आहे, आणि ग्रामीण कुटुंबाच्या दृष्टीने मोठी आहे. जमिनीच्या खरेदीखताचे उदाहरण घेतल्यास हे स्पष्ट होते. नोंदणीकृत दस्ताची प्रत १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जतन केलेली असते, त्यामुळे घरातील खरेदीखत हरवले तरी तेथून साक्षांकित नक्कल मिळू शकते; परंतु ती मागण्यासाठी दस्त क्रमांक, वर्ष आणि नोंदणी कोणत्या कार्यालयात झाली ही माहिती लागते. वडिलांनी तीस वर्षांपूर्वी घेतलेल्या जमिनीचा दस्त क्रमांक मुलाला तोंडपाठ असण्याचे कारण नाही. खरेदीखताच्या पहिल्या व शेवटच्या पानाचे आणि नोंदणीच्या शिक्क्यांचे स्वच्छ छायाचित्र असेल, तर ते न्यायालयात पुरावा म्हणून टिको वा न टिको, हरवलेल्या कागदापर्यंत पोहोचण्याची वाट त्यावर लिहिलेली असते. शिधापत्रिकेचा बारा अंकी क्रमांक, पासबुकाच्या पहिल्या पानावरील खाते क्रमांक व आयएफएससी, पीकविम्याच्या पावतीवरील अर्ज क्रमांक, शाळेच्या दाखल्यावरील जनरल रजिस्टरचा क्रमांक या सर्वांना हेच लागू होते. आपत्तीनंतर नवा कागद काढताना जो वेळ जातो तो बहुतांशी जुनी नोंद शोधण्यात जातो, अर्ज लिहिण्यात नाही.

मराठवाड्याला या शोधाची चव अलीकडेच चांगली कळली आहे. मराठा समाजातील व्यक्तींना कुणबी प्रमाणपत्र देण्याच्या प्रक्रियेसाठी सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली आणि त्यानंतर निजामकालीन महसुली कागद, जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या, शाळांची प्रवेश रजिस्टरे, १९५० च्या दशकातील खासरा पत्रके यांचा तपास जिल्ह्याजिल्ह्यांत सुरू झाला. बीड जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात असल्याने त्याच्या जुन्या दप्तरात उर्दू आणि मोडी या दोन्ही लिप्या येतात, आणि त्या वाचणारी माणसे थोडी. सापडलेल्या नोंदींच्या स्कॅन केलेल्या प्रती जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर ठेवण्यात आल्या, तेव्हा पणजोबाच्या नावासाठी लोकांनी मोबाइलच्या पडद्यावर पाने चाळली. आरक्षणाच्या प्रश्नाविषयी कोणाचे काहीही मत असले, तरी या शोधातून एक गोष्ट दिसून आली: ज्या कुटुंबांत जुना कागद फडक्यात गुंडाळून जपला गेला होता आणि ज्या कुटुंबांत तो उधईने खाल्ला होता, त्यांच्या आजच्या धावपळीत जमीन-अस्मानाचे अंतर पडले. जुन्या मोडी कागदाला घरी लॅमिनेशन करून घेण्याची चूक अजूनही होते. उष्णतेने चिकटवलेले प्लास्टिक पुन्हा निघत नाही आणि आतला कागद कायमचा अडकतो, म्हणून अशा कागदाचे आधी चांगले स्कॅन करून मूळ कागद कोरड्या जागी सपाट ठेवणे हेच बरे.

ऊसतोड कुटुंबाच्या कागदपत्रांतील सर्वांत नाजूक दुवा मात्र जुना नसून अगदी कोवळा असतो. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ नुसार जन्माची नोंद तो जेथे घडला तेथे होते, आईवडील मूळचे कोठले आहेत यावर ती ठरत नाही. लिंबागणेशच्या जोडप्याचे मूल हंगामात कोल्हापूर जिल्ह्यातील फडावर जन्मले, तर त्याची नोंद तेथील ग्रामपंचायतीत किंवा रुग्णालयामार्फत व्हावी लागते. बेळगाव जिल्ह्यात जन्मले तर ती कर्नाटकच्या यंत्रणेत जाते. एकवीस दिवसांच्या आत नोंद विनाशुल्क होते. त्यानंतर विलंब शुल्क आणि परवानगी लागते, आणि वर्ष उलटल्यावर तर सक्षम अधिकाऱ्याच्या आदेशावाचून ती होतच नाही. टोळी पुढच्या शिवारात गेली, हंगाम संपला, कुटुंब गावी परतले, की त्या दूरच्या ग्रामपंचायतीशी संबंध तुटतो आणि शाळाप्रवेशाच्या वेळी जन्म दाखल्याचा प्रश्न उभा राहतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या सुधारणेने तर या दिनांकानंतर जन्मलेल्यांसाठी जन्म प्रमाणपत्र हाच शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदारयादी, आधार इत्यादींसाठी जन्मतारखेचा पुरावा ठरवला आहे. त्यामुळे आज फडावर जन्मलेल्या मुलाच्या बाबतीत ही नोंद चुकणे आजोबांच्या काळापेक्षा कितीतरी महाग पडणार आहे. प्रसूती झालेल्या दवाखान्याने दिलेला कागद, बाळाच्या लसीकरणाचे कार्ड आणि नोंदणीची पावती यांचे त्याच दिवशी छायाचित्र काढून गावाकडच्या एका माणसाकडे पाठवून ठेवणे, हे या ठिकाणी सर्वांत कमी खर्चाचे आणि सर्वांत अधिक उपयोगाचे काम आहे.

येथपर्यंतच्या विवेचनावरून मोबाइल हाती असला की काम भागले असे वाटेल. परंतु डिजिटल प्रतीची खरी किल्ली फोनमध्ये नसून सिमकार्डात असते. डिजिलॉकर उघडताना किंवा आधाराची ई-प्रत उतरवताना खातरजमेसाठी ओटीपी, म्हणजे एका वेळेपुरता चालणारा सांकेतिक अंक, आधारशी जोडलेल्या क्रमांकावर येतो. नियमित रिचार्ज न झालेला आणि सलग नव्वद दिवस वापरात नसलेला प्रीपेड क्रमांक बंद होऊ शकतो आणि काही काळाने तो दुसऱ्याच ग्राहकाला दिला जातो. हंगामात एक, घरी आल्यावर दुसरे, दुकानदाराने ‘ऑफर’मध्ये दिलेले तिसरे, अशी सिमकार्डे बदलणाऱ्या माणसाच्या आधाराला कोणता क्रमांक जोडलेला आहे हे त्याला स्वतःलाच ठाऊक नसते, आणि ते कळण्याची वेळ बहुधा रुग्णालयाच्या खिडकीपाशी येते.

स्त्रियांच्या बाबतीत ही गाठ अधिकच घट्ट आहे. अनेक घरांत फोन एकच आणि तो नवऱ्याकडे, बायकोच्या आधारालाही नवऱ्याचाच क्रमांक जोडलेला. नवरा कामावर असताना तिला स्वतःच्याच कागदापर्यंत पोहोचता येत नाही. तो दगावला आणि सिम बंद पडले, तर ज्या क्षणी तिला सर्वाधिक कागद लागतात त्याच क्षणी किल्ली हरवते. ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेची ई-केवायसी २०२५ मध्ये सुरू झाली तेव्हा लाभार्थी महिलेसोबत पती किंवा वडिलांच्या आधाराचीही पडताळणी मागितली गेली आणि हे दोघेही हयात नसलेल्या महिला अडकून पडल्या. त्यांच्यासाठी पुढे वेगळी सोय करावी लागली. एका बाईच्या ओळखीचा मार्ग दुसऱ्याच्या फोनमधून जाऊ नये, हे धोरण आखणाऱ्यांना आधीच सुचायला हवे होते.

विधवेला कोणते कागद लागतात हे गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेवरून दिसते. शेतकरी कुटुंबातील व्यक्तीचा अपघाती मृत्यू झाल्यास दोन लाख रुपये देणाऱ्या या योजनेसाठी सातबारा, मृत्यूचा दाखला, गाव नमुना ६-क प्रमाणे वारसाची नोंद, वयाचा पुरावा आणि पोलिसांचा पंचनामा वा पहिली खबर असे कागद जोडून तीस दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे प्रस्ताव द्यायचा असतो. मृत्यू सांगली जिल्ह्यात, शवविच्छेदन तेथील रुग्णालयात, पंचनामा तेथील पोलीस ठाण्यात आणि सातबारा बीड तालुक्यात, अशी स्थिती असेल तर तीस दिवस किती अपुरे पडतात हे सांगायला नको. सातबारा त्यातल्या त्यात सोपा. शासनाच्या महाभूमी संकेतस्थळावरून पंधरा रुपयांत डिजिटल स्वाक्षरीचा उतारा मिळतो आणि त्यावर तलाठ्याची सही घेण्याची गरज राहत नाही. पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल यांना मात्र असा मार्ग नसल्याने, तो जिल्हा सोडण्यापूर्वीच त्यांच्या प्रती मागून घेणे आणि त्यांवरील गुन्हा वा आकस्मिक मृत्यूचा नोंद क्रमांक टिपून ठेवणे भाग असते.

प्रत काढण्याचे तंत्र अवघड नाही, त्यावर फार शाई खर्च करण्याचेही कारण नाही. कागद दिवसाच्या उजेडात, सपाट जागी ठेवून, फ्लॅश बंद करून, चारही कडा आणि मागची बाजू दिसेल असे छायाचित्र घ्यावे. व्हॉट्सॲपवर ते ‘फोटो’ म्हणून पाठवल्यास लहान होऊन अक्षरे फुटतात, म्हणून ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे. आणि फाइलीला व्यक्तीचे व कागदाचे नाव द्यावे, कारण चार हजार छायाचित्रांतून एक पासबुक शोधणे संकटाच्या वेळी जमत नाही. ईसीजीचा आलेख आणि यंत्रातून निघालेल्या पावत्या उष्णतेला काळवंडणाऱ्या कागदावर असतात आणि काही महिन्यांत पुसट होतात. तेथे छायाचित्रच मूळ कागदापेक्षा जास्त टिकते. संगणक क्षेत्रात तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांपैकी एक दुसऱ्या ठिकाणी, असा एक संकेत आहे. ऊसतोड कुटुंबापुरता त्याचा अर्थ असा, की एक प्रत स्वतःच्या फोनमध्ये उतरवून ठेवलेली, कारण फडावर नेट असेलच असे नाही. एक इंटरनेटवरील खात्यात. आणि एक गावी राहिलेल्या भावाकडे किंवा शिकत्या मुलीकडे. इंटरनेटवरील खाते दुकानदाराने उघडून दिलेले आणि पासवर्ड त्यालाच ठाऊक असे असेल, तर ती प्रत स्वतःची म्हणता येत नाही. शिवाय दोन वर्षे न उघडलेली वैयक्तिक खाती काढून टाकण्याचे धोरण गुगलने डिसेंबर २०२३ पासून राबवायला घेतले आहे.

प्रती जितक्या सहज होतात तितक्याच सहज त्या नको त्या हाती जातात. सेवा केंद्रावर छपाईसाठी आधाराची फाइल दुकानाच्या व्हॉट्सॲपवर पाठवली जाते आणि काम झाल्यावरही ती तेथील संगणकावर पडून राहते. उचल, म्हणजे हंगामापूर्वीची आगाऊ रक्कम, घेताना मुकादमाकडेही झेरॉक्स जातात. ई-आधाराच्या फाइलीला पासवर्ड असतो खरा, पण तो नावाच्या पहिल्या चार इंग्रजी अक्षरांचा आणि जन्मवर्षाचा बनलेला असल्याने, ज्या गावात सर्वांना सर्वांचे नाव आणि वय माहीत असते तेथे त्या कुलपाला कितीसा अर्थ आहे हे उघड आहे. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू येथील कार्यालयाने आधाराची प्रत कोणालाही देऊ नये, त्याऐवजी शेवटचे चारच अंक दाखवणारे ‘मास्क्ड आधार’ द्यावे, असे सुचवले आणि दोनच दिवसांत गैरसमज होईल या कारणाने ते पत्रक मागे घेतले गेले. पत्रक गेले तरी मास्क्ड आधाराची सोय कायम आहे, आणि लॉज, दुकान, मुकादम यांच्यासाठी ती पुरेशी आहे. शिधापत्रिका किंवा पासबुक देताना त्या प्रतीवर कोणत्या कामासाठी आणि कोणत्या तारखेला दिली हे आडवे लिहिण्याची जुनी सवयही मोडू नये.

पूर, आग यांचा विचार या सर्वांत मागे पडला, तरी तो सुटलेला नाही. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत मराठवाड्यातील नद्यांनी पात्रे सोडली आणि दुष्काळासाठी ओळखल्या जाणाऱ्या बीड जिल्ह्यातही घरांत पाणी शिरले. धान्यासोबत कागदही भिजले. केरळमध्ये २०१८ च्या महापुरानंतर आणि पुन्हा २०२४ च्या वायनाडमधील भूस्खलनानंतर शासनाने एकाच मांडवाखाली सर्व खाती बसवून हरवलेले कागद परत देण्याची शिबिरे घेतली. अशी शिबिरे चालतात ती नोंदी आधीच संगणकावर असल्यामुळे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादच्या गावांना ही सोय नव्हती.

काही कागद मात्र या व्यवस्थेच्या बाहेरच राहतात. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० ने इलेक्ट्रॉनिक नोंदीला कायदेशीर मान्यता दिली, पण मृत्युपत्राला त्यातून वगळले. म्हणून मोबाइलमधील मृत्युपत्राचे छायाचित्र मूळ कोठे आहे एवढेच सांगू शकते. उचलीच्या व्यवहारात मुद्रांकावर किंवा साध्या कागदावर जे लिहून घेतले जाते, त्याची तर प्रतच बहुधा कामगाराला मिळत नाही. हिशेबाच्या वेळी ‘फिटली नाही, पुढच्या हंगामाला या’ असे ऐकवले जाते, तेव्हा त्याच्याकडे दाखवायला काही नसते. अंगठा उमटवण्यापूर्वी त्या कागदाचा एक फोटो काढू देण्याची मागणी करणे हे कायद्याने कोठेही मना केलेले नाही. ती मागणी किती जण करू शकतात, हे मुकादमाच्या दारात उभे राहिल्यावर ठरते.